जे दाखवलेले नाही, तिथूनच विश्लेषण सुरू करा

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगते. 'फ्रॉम द अर्थ टू द मून' या १९९८ साली प्रसारित झालेल्या बारा भागांच्या अमेरिकी मालिकेतील 'वुई इंटरप्ट धिस प्रोग्रॅम' हा आठवा भाग तुम्हाला वर्गात विश्लेषणासाठी दिला आहे आणि निबंधाचा विषय आहे 'या भागात अंतराळ संशोधनाचे चित्रण कसे झाले आहे'. भाग अपोलो १३ या उड्डाणावर आहे, परंतु यानाच्या आत काय चालले आहे हे त्यात एकदाही दिसत नाही. अंतराळवीरांचे आवाज तेवढे ऐकू येतात आणि कथानक मुख्यतः एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या दोन बातमीदारांमधील संघर्षाभोवती फिरते. तुम्ही पहिल्या मसुद्यात भागाची गोष्ट लिहिली, तिच्या शेवटी 'ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर' आणि 'चूक' अशा दोन याद्या जोडल्या, आणि 'हे विश्लेषण नव्हे' असा शेरा मिळवून तो मसुदा परत आला. आता ज्या भागात अंतराळच दिसत नाही त्यात अंतराळ संशोधनाच्या चित्रणाविषयी काय लिहायचे, असे तुम्ही विचारता आहात.

माझ्या मते तुमची खरी अडचण या प्रश्नात नाही. लेखक-दिग्दर्शकांनी घेतलेला एक मोठा निर्णय तुम्ही उणीव म्हणून वाचता आहात, आणि त्यामुळे तो ओलांडून पुढे कुठेतरी 'खरा विषय' सापडेल अशी वाट पाहता आहात. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मालिका आणि नाट्यमय माहितीपट यांचे विश्लेषण शिकवते. त्या अनुभवावरून सांगते की ज्या जागी प्रेक्षकाची अपेक्षा आणि पडद्यावरचे दृश्य यांची फारकत होते, ती जागा विश्लेषणासाठी सर्वांत सुपीक असते. अंतराळाविषयीच्या भागात अंतराळ का दाखवले नाही, हा तुमच्या निबंधाचा पाया आहे. तो तुम्हाला आधीच सापडलेला आहे. तुम्ही त्याची तक्रार केली, एवढेच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सुरुवातीलाच मोकळ्या करू. तुमचा वर्ग माध्यम अभ्यासाचा असेल तर बातमीदारीचे चित्रण, ध्वनी आणि संकलन यांवर भर द्यावा लागेल. इतिहासाचा असेल तर १९७० मधील प्रत्यक्ष घटना आणि १९९८ मधील तिची पुनर्मांडणी यांच्यातील अंतर मध्यभागी येईल. साहित्याच्या वर्गात पात्ररचना आणि निवेदनाची जागा अधिक महत्त्वाची ठरेल. शिक्षकांनी बाहेरचे संदर्भ वापरण्यास परवानगी दिली आहे का, हेही विचारून घ्या, कारण काही शिक्षकांना केवळ भागाचे बारकाईने केलेले वाचन हवे असते आणि तिथे इतिहासाची भर घातली तर विषयांतर मानले जाते. पुढे मी जे सांगते आहे ते या तिन्ही प्रकारांत चालेल, मात्र कशाला किती जागा द्यायची हे तुमच्या वर्गानुसार तुम्हीच ठरवायचे आहे.

आता थोडा इतिहास सांगते, आणि तो का सांगते आहे हेही. अपोलो १३ हे यान ११ एप्रिल १९७० रोजी उडाले. जेम्स लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज हे तिघे त्यात होते आणि चंद्रावर माणूस उतरवण्याचा तो तिसरा प्रयत्न होता. उड्डाणानंतर सुमारे ५६ तासांनी, अमेरिकेतील वेळेप्रमाणे १३ एप्रिलच्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे ३,२०,००० किलोमीटर अंतरावर असताना यानातील ऑक्सिजनची एक टाकी फुटली. चंद्रावर उतरणे रद्द झाले, उतरण्यासाठी नेलेले 'ॲक्वेरियस' हे छोटे यान परतीच्या प्रवासात तिघांचा आसरा ठरले आणि १७ एप्रिलला ते तिघे अंतराळवीर प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. तुमच्या निबंधासाठी याहून मोलाची एक घटना स्फोटाच्या थोडी आधी घडली होती. त्याच रात्री अंतराळवीरांनी यानातून दूरचित्रवाणी प्रक्षेपण केले, प्रेक्षकांना यान आतून फिरून दाखवले आणि अमेरिकेतील तिन्ही मोठ्या वाहिन्यांपैकी एकीनेही ते थेट दाखवले नाही. ते प्रक्षेपण संपून काही मिनिटेच झाली होती आणि टाकी फुटली. पहिल्यांदा चंद्रावर पाऊल पडून तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते.

हा तपशील हाती आला की भागाच्या शीर्षकाकडे पुन्हा पाहा. चालू कार्यक्रम थांबवून तातडीची बातमी देताना निवेदक जे वाक्य म्हणतात, तेच शीर्षक म्हणून घेतलेले आहे. त्यात गृहीत असे आहे की प्रेक्षक दुसरेच काहीतरी पाहत होते आणि अंतराळयान संकटात सापडल्यावर त्यांच्यासमोर आले. म्हणजे शीर्षकापासूनच हा भाग 'यानाचे काय झाले' यापेक्षा 'यानाकडे कोणी, केव्हा आणि कशासाठी पाहिले' या प्रश्नाकडे वळलेला आहे. इतिहास इथे सजावट म्हणून येत नाही. त्याच्याशिवाय शीर्षकाचा अर्थच पुरता लागत नाही, म्हणून तो निबंधात यायला हवा. जो ऐतिहासिक तपशील भागातील एखाद्या निवडीचा अर्थ उघडत नाही तो, कितीही रंजक असला तरी, बाहेर ठेवावा.

विश्लेषणाची माझी पद्धत एका साध्या प्रश्नावर उभी आहे: कोणाला काय माहीत आहे आणि केव्हा? प्रत्येक नाट्यकृती प्रेक्षकाला ज्ञानाच्या एखाद्या पायरीवर बसवते. कधी प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक माहीत असते, कधी तेवढेच आणि कधी कमी. अपोलो १३ च्या गोष्टीत हा प्रश्न फार अवघड होऊन बसतो, कारण शेवट सर्वांना ठाऊक आहे. त्यात १९९५ साली याच उड्डाणावर एक गाजलेला चित्रपट येऊन गेला होता. त्याचे दिग्दर्शक रॉन हॉवर्ड आणि त्यात लव्हेलची भूमिका करणारे टॉम हँक्स हे दोघेही या मालिकेच्या निर्मात्यांत होते. यानातील थंडी, वीज वाचवण्याची धडपड, कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी हाताशी असलेल्या वस्तूंतून केलेली जुळणी, हे सारे १९९८ च्या प्रेक्षकाने तीन वर्षांपूर्वीच पाहिलेले होते. तेच पुन्हा, तेही मालिकेच्या एका भागात बसवायचे म्हटले असते तर ती फिकी नक्कल झाली असती. तेव्हा कथनाची जागा बदलणे ही व्यावहारिक गरजही होती, आणि निबंधात ते स्पष्ट म्हणायला हरकत नाही. निर्मितीच्या अडचणीतून आलेला निर्णय अर्थपूर्ण नसतो, असे काही नाही.

परंतु तिथेच थांबलात तर निबंध अर्धा राहील. एखादा निर्णय का घ्यावा लागला हे एक झाले. तो घेतल्यावर प्रेक्षकावर काय परिणाम झाला, हे विश्लेषण. या भागाने प्रेक्षकाला बातमीदारांच्या पायरीवर आणून बसवले आहे, आणि १९७० मध्ये ती पायरी कशी होती याचा विचार करा. अपघातानंतर वीज जपण्यासाठी यानातील बहुतेक यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या आणि यानातून पुढे दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले नाही. अंतराळवीर आणि ह्यूस्टनचे नियंत्रण केंद्र यांच्यातील संभाषण पत्रकारांना ऐकता येत होते, पण चित्र नव्हते. म्हणजे दूरचित्रवाणी या चित्रांवर जगणाऱ्या माध्यमाकडे त्या वर्षातील सर्वांत मोठ्या बातमीचे एकही ताजे चित्र नव्हते. वाहिन्यांना प्रतिकृती, आकृत्या आणि तज्ज्ञांची बोलणी यांवर दिवस काढावे लागले. ही स्थिती ध्यानात घेतली की 'अंतराळ दाखवलेले नाही' हे विधान पार बदलते. यानात डोकावून पाहणारा चित्रपट त्या वेळच्या जगात कोणालाही न मिळालेली जागा आपल्याला देतो. हा भाग मात्र त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या माणसांना जेवढे मिळाले तेवढेच आपल्या हाती ठेवतो. माझ्या मते या एका बाबतीत हा भाग चित्रपटापेक्षा इतिहासाशी अधिक प्रामाणिक आहे. तुम्हाला हे मत पटायलाच हवे असे नाही, पण ते पटले किंवा न पटले तरी त्यातून तुमच्या निबंधाचे मध्यवर्ती विधान तयार होऊ शकते.

याच ठिकाणी मालिकेतील आधीच्या भागांचा उपयोग करा. चौथ्या भागात १९६८ साल आणि अपोलो ८ येते, आणि लव्हेल हे पात्र तिथे आपल्याला भेटलेले असते, कारण प्रत्यक्षातही लव्हेल त्या उड्डाणावर होते. क्रमाने मालिका पाहणाऱ्याने त्या माणसाला यानात पाहिलेले आहे. आठव्या भागात मात्र तो यानात असताना त्याचा चेहरा आपल्यापासून काढून घेतला जातो आणि आवाज शिल्लक राहतो. ओळखीचा माणूस संकटात असताना फक्त त्याचा आवाज ऐकू येणे, हा अनुभव कुटुंबीयांचा आणि ह्यूस्टनमध्ये बसलेल्यांचा होता. एकटा आठवा भाग पाहिलेल्याला हे जाणवणार नाही. तुमच्या शिक्षकांनी केवळ हाच भाग दाखवला असला तरी चौथा भाग स्वतःहून पाहा. त्यासाठी लागणारा तासाभराचा वेळ निबंधात भरून निघेल.

आता भाग प्रत्यक्ष पाहायचा कसा, याविषयी. पहिल्यांदा वही-पेन बाजूला ठेवून पाहा आणि संपल्यावर लगेच, काहीही शोधायला न जाता, आपल्याला कुठे अस्वस्थ वाटले आणि कुठे कंटाळा आला हे लिहून ठेवा. कंटाळाही महत्त्वाचा असतो, कारण वाट पाहणे हा या भागाचा विषयच आहे आणि कुठला कंटाळा रचलेला आहे, कुठला निव्वळ ढिसाळपणातून आला आहे, हे नंतर तपासता येते. दुसऱ्यांदा पाहताना वेळेची नोंद ठेवा. मी विद्यार्थ्यांना पानाचे तीन उभे भाग करायला सांगते: वेळ, काय दिसते, काय ऐकू येते. दिसणे आणि ऐकणे वेगळे लिहिण्याची सवय या भागासाठी अपरिहार्य आहे, कारण त्याचे सगळे नाट्य या दोहोंच्या फटीत घडते. यानातून आवाज येतो तेव्हा पडद्यावर कोणाचा चेहरा आहे? तो चेहरा ऐकतो आहे, लिहून घेतो आहे की पुढच्या थेट प्रक्षेपणाची तयारी करतो आहे? दृश्य तुटते तेव्हा आवाज त्याच्याबरोबर तुटतो की पुढच्या दृश्यात ओघळत जातो? पडद्याच्या आत दूरचित्रवाणीचा पडदा कितीदा येतो, आणि आपण बातमी प्रत्यक्ष स्टुडिओत उभे राहून पाहतो की त्या दुसऱ्या पडद्यातून? हे प्रश्न मनात धरून दुसरी फेरी केली की तुमच्याकडे पुराव्यांचा साठा तयार होतो. तिसऱ्यांदा संपूर्ण भाग पाहण्याची गरज नाही. आपल्या विधानाला उपयोगी पडणारी तीन-चार दृश्येच थांबवून-थांबवून पाहा.

इथे एक इशारा देते, कारण मेहनती विद्यार्थी हमखास या वळणावर अडकतात. 'जवळचे दृश्य वापरल्यामुळे भावना तीव्र होतात' किंवा 'पार्श्वसंगीतामुळे ताण वाढतो' अशी वाक्ये कोणत्याही मालिकेच्या कोणत्याही भागाविषयी लिहिता येतात, आणि जे कशाविषयीही लिहिता येते ते या भागाविषयी काहीच सांगत नाही. तांत्रिक निरीक्षण नेहमी त्या भागाच्या प्रश्नाला बांधा. चेहरा जवळून दाखवला, तर कोणता चेहरा, कोणती बातमी ऐकताना, आणि जे त्याला दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नसताना. असे लिहिले की तेच निरीक्षण वजनदार होते.

पात्रांकडे वळू. एमेट सीबॉर्न हा ज्येष्ठ बातमीदार आणि त्याची वाहिनी ही दोन्ही काल्पनिक आहेत, हे निबंधात सुरुवातीलाच स्पष्ट करा. सीबॉर्न मालिकेच्या इतर भागांतही येतो. तिथे त्याचे काम मुख्यतः प्रेक्षकाला घटनाक्रम समजावून देण्याचे असते. आठव्या भागात आजवर बातमी सांगणारा हा माणूसच कथेचा विषय होतो. ही बदललेली भूमिका फार कमी विद्यार्थी टिपतात. आजवर ज्याच्या खांद्यावरून आपण चंद्रमोहीम पाहिली, त्याच्या व्यवसायालाच इथे तडा जातो, आणि त्याबरोबर आपली पाहण्याची सवयही तपासली जाते.

काल्पनिक पात्र का घेतले, यालाही उत्तर हवे. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट किंवा एबीसीचे विज्ञान संपादक ज्यूल्स बर्गमन ही त्या काळातील खरी माणसे होती आणि त्यांचे प्रक्षेपण लोकांना आठवत होते. खऱ्या माणसाच्या तोंडी टीका घातली किंवा त्याच्या वाट्याला अपमान आणला तर नाटक त्या माणसाच्या चरित्राला बांधले जाते. काल्पनिक वाहिनीमुळे एका व्यक्तीऐवजी एका संपूर्ण व्यवसायाबद्दल बोलण्याची मोकळीक मिळते. याची किंमतही आहे: प्रेक्षकाला खरी वाहिनी आणि नाटकातील वाहिनी यांतील अंतर कळेलच असे नाही, आणि बातमीदारीतील नेमका कोणता बदल १९७० मध्ये झाला व कोणता नंतरच्या दशकांतील चिंतेतून मागे नेऊन ठेवला आहे, हे धूसर होते. इतिहासाच्या वर्गासाठी लिहीत असाल तर हा मुद्दा एका परिच्छेदात नीट खुलवा. तुमच्या 'बरोबर-चूक' याद्यांमधील जे मुद्दे इथे कामाला येतील तेवढे ठेवा आणि उरलेले काढून टाका. नाटकाने काही बदलले, एवढ्याने विश्लेषण होत नाही. त्या बदलामुळे अर्थ कुठे सरकला ते सांगितले की होते.

सीबॉर्नचा प्रतिस्पर्धी ब्रेट हचिन्स हा तरुण बातमीदार. सीबॉर्नला तांत्रिक तपशील समजून घेऊन समजावून सांगण्यात रस आहे. हचिन्सला माणसांच्या भावना, कुटुंबांची घालमेल आणि क्षणाचा थरार हवा आहे. भागाचा कल सीबॉर्नच्या बाजूने आहे, हे उघड आहे, आणि नेमके म्हणूनच तुम्ही तो कल तसाच उचलू नये. 'जुनी जबाबदार पत्रकारिता विरुद्ध नवी उथळ पत्रकारिता' अशी मांडणी केलीत तर भागाने जे तुम्हाला सांगितले तेच तुम्ही त्याला परत सांगितले असे होईल. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की ज्या पात्राचा नाटकाला राग आहे त्याची बाजू आपण वकील म्हणून एकदा मांडून पाहावी. हचिन्सच्या बाजूने बरेच बोलता येते. टाकी का फुटली हे त्या क्षणी कोणालाच नीट माहीत नव्हते. तिघे जिवंत परततील का, हा प्रश्न मात्र प्रत्येकाच्या मनात होता, आणि तो विचारणे म्हणजे उथळपणा नव्हे. स्फोटाआधीचे प्रक्षेपण कोणी थेट दाखवले नव्हते, म्हणजे तपशीलवार आणि संयत समजावणीला प्रेक्षक उरला नव्हता, ही वस्तुस्थिती सीबॉर्नच्या बाजूला अडचणीत आणते. लोक परतले ते भीतीमुळे परतले. त्या भीतीला शब्द देणारा बातमीदार लोकांची फसवणूक करतो की त्यांच्या मनातले बोलतो?

उलट बाजूनेही पाहा. सीबॉर्नचे नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेशी आणि अंतराळवीरांशी असलेले जवळचे संबंध हे त्याचे बळ आहे, पण पत्रकाराने ज्या संस्थेवर नजर ठेवायची तिच्याशी त्याची इतकी जवळीक असावी का? २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या चाचणीदरम्यान जमिनीवरच लागलेल्या आगीत गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यांचा मृत्यू झाला आणि मालिकेचा दुसरा भाग त्याच घटनेवर आहे. त्यानंतर 'विश्वास ठेवून बातमी देणारा पत्रकार' ही प्रतिमा निष्पाप राहू शकते का, असा प्रश्न तुम्ही निबंधात विचारू शकता. भाग स्वतः तो प्रश्न कितपत विचारतो, हे तुम्ही दृश्यांच्या आधारे ठरवायचे. माझ्या वाचनात तो पुरेसा विचारत नाही. सीबॉर्नच्या प्रतिष्ठेचा त्याला फार लोभ आहे. हे माझे मत आहे आणि तुम्ही त्याच्या विरोधात पुरावा आणू शकलात तर तुमचा निबंध अधिक चांगला होईल.

कुटुंबांच्या चित्रणाकडेही लक्ष द्या, मात्र थोडक्यात. अंतराळवीरांच्या घरी नियंत्रण केंद्राशी होणारे संभाषण ऐकू येईल असा ध्वनिक्षेपक बसवलेला असे. एकच आवाज घरातही ऐकू येतो आणि पत्रकारांनाही. घरात तो नवऱ्याचा किंवा बापाचा असतो आणि बाहेर बातमीचा. कोणत्या दृश्यात तो आवाज कोणाचा ठरतो, एवढ्या एका धाग्यावर माध्यम अभ्यासाच्या वर्गासाठी स्वतंत्र परिच्छेद उभा राहील.

जागा उरली तर आणखी एक मुद्दा घ्या, तोही मला महत्त्वाचा वाटतो. ही मालिका एचबीओ या वाहिनीवर दाखवली गेली. ती वर्गणीवर चालणारी, जाहिराती न घेणारी वाहिनी आहे. प्रेक्षकसंख्येच्या मागे धावणाऱ्या दूरचित्रवाणी बातम्यांवर टीका करणारे नाटक अशा वाहिनीने करावे, यात भूमिकेचा प्रश्न आहे: दूरचित्रवाणी स्वतःकडे पाहते आहे की एक प्रकारची दूरचित्रवाणी दुसऱ्या प्रकारच्या दूरचित्रवाणीकडे बोट दाखवते आहे? शिवाय हा भागही अखेर तिघांच्या जिवाला असलेल्या धोक्यातून, म्हणजे हचिन्सच्या भांडवलातूनच, आपले नाट्य मिळवतो. यातला विरोध दाखवताना भागावर दुटप्पीपणाचा आरोप करून मोकळे होऊ नका. दृश्ये हा विरोध लपवतात की उघडा ठेवतात, ते तपासा.

आता मध्यवर्ती विधानाविषयी बोलते, कारण तुमचा पहिला मसुदा तिथेच कोसळला आहे. 'या भागात अपोलो १३ च्या वेळी माध्यमांची भूमिका दाखवली आहे' हे विधान नाही. त्याच्याशी कोणी असहमत होऊ शकत नाही. विधान असे हवे की एखाद्या समंजस वर्गमित्राने 'मला तसे वाटत नाही' असे म्हणावे. उदाहरणार्थ: 'यानातील दृश्ये पूर्णपणे वगळून आणि केवळ आवाज ठेवून हा भाग प्रेक्षकाला १९७० मधील बातमीदाराइतकेच अपुरे ज्ञान देतो, आणि त्या अपुरेपणाशी प्रामाणिक राहायचे की तो भावनेने भरून काढायचा, या निवडीतच अंतराळ संशोधनाचे सार्वजनिक रूप घडते असे सुचवतो.' वाक्य लांब आहे, पण त्यात तंत्र आहे, परिणाम आहे आणि अंतराळ संशोधनाविषयीचा दावाही आहे. हे जसेच्या तसे उचलू नका, कारण ते मी माझ्या नोंदींवरून लिहिले आहे. तुमच्या नोंदी तुम्हाला कदाचित वेगळीकडे नेतील. समजा घरांतील दृश्ये तुम्हाला अधिक भिडली असतील, तर विधान तिथून उभे करा.

विधान ठरल्यावर परिच्छेदांचा क्रम भागाच्या कथानकाप्रमाणे लावू नका. तसे केले की नकळत गोष्ट सांगणे सुरू होते. क्रम युक्तिवादाचा असावा: आधी वगळण्याचा निर्णय आणि त्याचा परिणाम, मग ऐतिहासिक स्थितीशी त्याचे नाते, मग दोन बातमीदारांतून त्या स्थितीला मिळणारी दोन उत्तरे, आणि त्यानंतर तुमच्या विधानाला सर्वांत जड जाणारे दृश्य. हे शेवटचे मुद्दाम शोधा. विधानाशी न जुळणारे दृश्य लपवणारा निबंध शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो, कारण त्यांनीही भाग पाहिलेला असतो. कथानकाचा सारांश चार-पाच वाक्यांपेक्षा मोठा नको. प्रत्येक परिच्छेदात किमान एक दृश्य वेळेच्या नोंदीसह यायला हवे, आणि दृश्याचे वर्णन व त्याचा तुम्ही लावलेला अर्थ ही दोन वेगळी वाक्ये असावीत, म्हणजे वाचणाऱ्याला वर्णन मान्य करून अर्थाशी वाद घालता येईल.

'अंतराळ संशोधनाचे चित्रण' या शब्दांना निबंध पुरेसा भिडतो का, ही तुमची शंका राहील, म्हणून तिच्यावरही लिहिते. यान, अग्निबाण आणि चंद्राची माती हे अंतराळ संशोधनाचे एक अंग आहे. करदात्यांच्या पैशाने चालणाऱ्या मोहिमेला लोकांचे लक्ष लागते, हे दुसरे. अपोलो १८, १९ आणि २० ही नियोजित उड्डाणे रद्द झाली. त्यांपैकी अपोलो २० तर जानेवारी १९७० मध्येच, म्हणजे अपोलो १३ उडण्यापूर्वी, रद्द झाले होते. लोकांचे आणि राज्यकर्त्यांचे लक्ष ओसरत असल्याचे वातावरण त्या काळात होते आणि हा भाग त्या वातावरणात घडतो. त्यामुळे बातमीदारांची गोष्ट सांगताना तो अंतराळ मोहिमेच्याच एका अटीची गोष्ट सांगतो आहे, असे तुम्ही ठामपणे लिहू शकता. निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातच हे नाते जोडून टाका, म्हणजे विषय सोडल्याचा आक्षेप राहणार नाही.

मालिकेतील इतर भागांचा उल्लेख करायचा असेल तर एकाच कारणासाठी करा: ही मालिका जवळजवळ प्रत्येक भागात पाहण्याची जागा बदलते. पाचवा भाग चंद्रावर उतरणारे यान बांधणाऱ्या अभियंत्यांच्या बाजूने आहे, दहावा अंतराळवीरांना भूविज्ञान शिकवण्याविषयी आहे, अकरावा त्यांच्या पत्नींविषयी. आठव्या भागाची बातमीदारांची जागा त्याच धोरणाचा भाग आहे, आणि एक मोहीम अनेक ठिकाणांहून पाहावी लागते असे मालिकेला वाटत असावे, हे दोन वाक्यांत लिहून पुढे जा. त्याहून अधिक लिहिले तर निबंध मालिकेचा होईल.

तुमच्या जुन्या मसुद्यातील काय वाचवता येईल, असेही तुम्ही विचारले आहे. कथानकाचा भाग जवळजवळ सगळा काढावा लागेल. तथ्यांच्या यादीतून वाहिन्यांनी न दाखवलेले प्रक्षेपण, चित्रांचा अभाव आणि सीबॉर्नचे काल्पनिक असणे हे तीन मुद्दे ठेवा. 'अंतराळवीर दिसतच नाहीत, त्यामुळे भाग अपूर्ण वाटतो' हे तुमच्या शेवटच्या पानावरचे वाक्य उचलून पहिल्या पानावर आणा, त्यातील 'त्यामुळे भाग अपूर्ण वाटतो' एवढे खोडा आणि तिथून पुन्हा लिहायला घ्या.